एचआयव्हीचा चाचणी-अहवाल आणि औषध-संशोधनाची बातमी: प्रथिने ओळखून कशी वाचावी

एचआयव्हीची चाचणी करून घेतलेल्या माणसाच्या हाती जो कागद येतो, त्यावर शब्द फार थोडे असतात. पण त्या थोड्या शब्दांचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे होणारा मनस्ताप महिनोन्‌महिने पुरतो. पुण्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी या विषयावर बोलताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे, की बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. चाचणीने ‘विषाणू’ शोधला असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात चाचणीने एखादे ठरावीक प्रथिन शोधलेले असते. म्हणून अहवाल हाती आला, किंवा ‘एड्सवर नवे औषध’ अशी बातमी वाचली, की आधी एकच विचारावे: इथे नेमके कोणते प्रथिन शोधले किंवा अडवले आहे, ते विषाणूचे आहे की आपल्या शरीराचे, आणि ते सापडण्याची वेळ आलेली होती का? हा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा वापरावा, ते पुढे सांगितले आहे.

पुणेकरांना हा विषय परका नाही. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिला लोक आजही ‘नारी’ म्हणूनच ओळखतात, १९९२ साली सुरू झाली. आता नाव बदलून तिच्या कामात विषाणूशास्त्राच्या इतर शाखाही आल्या आहेत. ससून रुग्णालयात तपासणी, समुपदेशन आणि एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्र या तिन्ही सोयी आहेत. गावात इतके काम चालू असताना अहवालाचा अर्थ मात्र शेजारच्या माणसाला किंवा मोबाइलला विचारला जावा, हे बरे नव्हे.

आधी ओळख करून घ्यावी अशी प्रथिने

विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर जीपी १२० आणि जीपी ४१ ही दोन प्रथिने जोडीने असतात. जीपी १२० आपल्या पेशीला चिकटते आणि जीपी ४१ विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून आत जाण्याची वाट करून देते. आवरणाच्या आत शंकूच्या आकाराची कुपी असते. ती पी २४ नावाच्या प्रथिनाच्या सुमारे १५०० प्रतींची बनलेली असते. कुपीच्या आत विषाणूची जनुकीय सामग्री आणि तिच्याबरोबर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज व इंटिग्रेज ही विकरे (एन्झाइम) असतात. प्रोटिएज हे तिसरे विकर. विकरे हीसुद्धा प्रथिनेच आहेत. एचआयव्ही-२ या दुसऱ्या, भारतात कमी आढळणाऱ्या प्रकारात जीपी ४१ च्या जागी जीपी ३६ असते, आणि म्हणूनच चांगल्या किटमध्ये दोन्हींची सोय केलेली असते.

आपल्या बाजूची प्रथिने तीन. पांढऱ्या पेशींच्या एका गटावरचे सीडी ४, ज्याला जीपी १२० चिकटते; त्याच पेशींवरचे सीसीआर ५, ज्याच्या मदतीशिवाय विषाणूच्या बहुतेक वाणांना आत शिरता येत नाही; आणि प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, जी शरीर विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध तयार करते. एवढी नावे डोक्यात ठेवली तरी पुढचे सगळे वाचता येते.

पट्टीवर काय घडते ते पाहावे

रॅपिड चाचणीची पट्टी जवळून पाहिली, की चाचणीचे तत्त्व पाठ करावे लागत नाही. बोटाच्या टोकाला टोचून आलेला रक्ताचा थेंब पट्टीच्या एका खळग्यात सोडतात आणि त्यावर बफरचे दोन-चार थेंब टाकतात. द्रव पट्टीवरून पुढे सरकू लागतो. वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेले एक प्रथिन असते, ते रक्तातील प्रतिपिंडांना पकडते. हे कण एकत्र गोळा झाले की गुलाबी-लाल दिसतात. पुढे ‘टी’ या अक्षरासमोर, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बारीक रेघेत, प्रयोगशाळेत तयार केलेले जीपी ४१ किंवा जीपी १२० चे तुकडे आधीच चिकटवून ठेवलेले असतात. रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती त्या रेघेवर अडकतात, त्यांच्याबरोबर सोन्याचे कणही अडकतात, आणि रेघ रंगते. प्रतिपिंडे नसतील तर कण तसेच पुढे निघून जातात आणि ‘सी’ या कंट्रोल रेघेवर थांबतात.

इथे दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. कंट्रोल रेघ उमटली नाही, तर ‘टी’ समोर काहीही दिसो, ती चाचणी बाद धरून नव्या पट्टीवर करावी. आणि पट्टी किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या वेळेतच वाचावी. साधारण १५ ते २० मिनिटांची ही वेळ टळून गेल्यावर सुकत चाललेल्या पट्टीवर फिकट रेघ दिसू लागते आणि तिच्यावरून कुणाचे तरी आयुष्य ढवळून निघते. वेळेत वाचताना दिसलेली फिकट रेघ मात्र रेघच समजायची आणि पुढच्या तपासणीला पाठवायची. ‘फिकट आहे, म्हणजे थोडाच एचआयव्ही आहे’ हा अर्थ पूर्णपणे चुकीचा आहे.

एलायझा चाचणीचे तत्त्व हेच, फक्त पट्टीऐवजी ९६ खळग्यांची प्लेट असते आणि रंग विकराच्या क्रियेने येतो. पहिल्या पिढीच्या एलायझात, म्हणजे १९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली त्या काळात, पेशींमध्ये वाढवलेला विषाणू फोडून त्याची सगळी प्रथिने खळग्यात चिकटवत. त्यांत मानवी पेशींची प्रथिनेही मिसळलेली राहत, आणि ज्यांच्या रक्तात त्या पेशींच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असत त्यांच्याही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे ‘सापडले’ असे दाखवणाऱ्या, येत. पुढच्या पिढ्यांनी निवडक, प्रयोगशाळेत घडवलेली प्रथिने वापरली, तिसऱ्या पिढीत संसर्गानंतर सर्वांत आधी येणारी आयजीएम प्रतिपिंडेही पकडता येऊ लागली, आणि चौथ्या पिढीने प्रतिपिंडांच्या जोडीला विषाणूचे स्वतःचे पी २४ शोधायला सुरुवात केली. चाचणीत झालेली सुधारणा ही मुख्यतः प्रथिनांच्या निवडीतील सुधारणा आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

दिवस कसे मोजावेत

संसर्ग झाल्यावर पहिले सुमारे १० दिवस रक्तात काहीच सापडत नाही. त्यानंतर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय सामग्री, सापडू लागतो, मग पी २४, आणि शेवटी प्रतिपिंडे. प्रतिपिंडे वाढली की ती पी २४ ला वेढून टाकतात, त्यामुळे पी २४ काही आठवड्यांत पुन्हा दिसेनासे होते. म्हणून चौथ्या पिढीची चाचणी दोन्ही शोधते, एक हुकले तर दुसरे सापडावे. ‘मला पी २४ एकट्याचीच तपासणी करून द्या’ असा आग्रह संसर्गाची शंका येऊन तीन महिने झाल्यावर धरणे निरर्थक आहे, त्याचे कारण हेच.

व्यवहारात असे मोजावे. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी संसर्गानंतर साधारण १८ ते ४५ दिवसांत रिअ‍ॅक्टिव्ह होते. आरएनएची चाचणी १० ते ३३ दिवसांत. आणि केवळ प्रतिपिंडे शोधणारी रॅपिड चाचणी २३ ते ९० दिवसांत. म्हणून शंका असलेल्या शेवटच्या प्रसंगाची तारीख लिहून ठेवावी, चाचणी कोणत्या पिढीची आहे ते प्रयोगशाळेला विचारावे, आणि त्या चाचणीची मोठी मुदत उलटल्यानंतरचाच नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह अहवाल निश्चिंत होण्यासाठी धरावा. सातव्या दिवशी केलेली कोणतीही चाचणी दिलासा देऊ शकत नाही. प्रसंग होऊन ७२ तास उलटलेले नसतील, तर मात्र चाचणीची वाट न पाहता तडक रुग्णालयात जाऊन २८ दिवसांच्या प्रतिबंधक औषधांबद्दल विचारावे. आणि अशी औषधे घेतली असतील तर पुढच्या चाचणीचे दिवस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत, कारण औषधांमुळे प्रतिपिंडे उशिरा येऊ शकतात.

अहवाल वाचताना

खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा एक आकडा असतो: ०.१२, ०.३४ किंवा असाच काही. हा आकडा म्हणजे तुमच्या नमुन्यातून आलेला संकेत आणि किटने ठरवलेली सीमारेषा यांचे गुणोत्तर आहे. बहुतेक किटमध्ये तो १ पेक्षा कमी असेल तर नमुना नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असतो, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वेळी ०.१२ होता आणि आता ०.३४ झाला म्हणजे ‘वाढतोय’ असे नव्हे. या आकड्याचा रक्तातील विषाणूच्या संख्येशी संबंध नाही, आणि दोन वेगळ्या किटचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. मी पाहिलेल्या निष्कारण काळजीपैकी मोठा वाटा या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांचा आहे.

एकदा रिअ‍ॅक्टिव्ह आले म्हणजे निदान झाले असेही नव्हे. विषाणूच्या प्रथिनाशी थोडेसे साम्य असलेल्या दुसऱ्याच कशाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे केलेली असतील, तरी ती पट्टीवर अडकू शकतात. काही स्वयंप्रतिकार आजारांत असे घडते. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमाच्या केंद्रांत, ज्यांना आयसीटीसी म्हणतात, पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर वेगळी प्रथिने किंवा वेगळे तत्त्व वापरणाऱ्या आणखी दोन किटवर तोच नमुना तपासतात. एकाच भलत्या प्रतिपिंडाने तिन्ही वेगळ्या किटना फसवणे फार अवघड असते. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच निदान पक्के होते. निकाल परस्परविरोधी आले, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. या मधल्या काळाला घाबरून जाऊ नये. खरा संसर्ग असेल तर त्या आठवड्यांत प्रतिपिंडे वाढून निकाल स्पष्ट होतो, आणि नसेल तर तो तसाच अर्धवट राहतो किंवा मिटतो. ही तपासणी मोफत असते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीपूर्वी तुमची संमती घेणे आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर केंद्राची माहिती मिळते.

नवजात बाळाच्या बाबतीत प्रतिपिंडांची चाचणी पक्के निदान देऊ शकत नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. तेवढ्या काळात बाळाची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर ती प्रतिपिंडे आईची की बाळाची, हे ओळखता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यापासून बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके कागदावर वाळवून त्यांत विषाणूची जनुकीय सामग्री शोधतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट बाळंतपणाआधीच समजावून सांगितलेली बरी.

उपचार सुरू असलेल्यांचा गोंधळ वेगळा असतो आणि तो अधिक घातक ठरू शकतो. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या व्हायरल लोडच्या (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या) अहवालात ‘नॉट डिटेक्टेड’ असे येते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. रक्तातील विषाणू इतका दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे, आणि त्यांतील २०११ च्या महत्त्वाच्या अभ्यासात पुण्यातील जोडपीही सहभागी होती. पण मग तो माणूस ‘आता एलायझा करून बघू’ म्हणतो, ती रिअ‍ॅक्टिव्ह येते, आणि औषधावरचा विश्वासच उडतो. व्हायरल लोड विषाणूचा आरएनए मोजतो, एलायझा शरीराची प्रतिपिंडे शोधते. प्रतिपिंडे बहुधा आयुष्यभर राहतात, म्हणून दोन्ही अहवाल एकाच वेळी बरोबर असतात. उलट, संसर्गानंतर फार लवकर औषध सुरू झालेल्या काहींमध्ये, विशेषतः बाळांमध्ये, प्रतिपिंडांची चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह होऊ शकते, तरी विषाणू पेशींत दडलेला असतोच. त्यामुळे ‘आमच्या काढ्याने एलायझा निगेटिव्ह करून देतो’ असे सांगणाऱ्याच्या दाव्यात, तो खरा ठरला तरीसुद्धा, बरे होण्याचा पुरावा नसतो. औषध कोणत्याही चाचणीच्या भरवशावर स्वतःहून थांबवू नये.

औषधाचे नाव वाचून त्याचे लक्ष्य ओळखावे

सरकारी केंद्रातून आज बहुतेकांना मिळणाऱ्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे असतात. पहिली दोन रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचे काम मध्येच तोडतात. तिसरे इंटिग्रेजला अडवते, म्हणजे विषाणूची प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत जोडली जात नाही. ज्या औषधाच्या नावाचा शेवट ‘टेग्राव्हिर’ असा होतो ते इंटिग्रेजवर, आणि ‘नाव्हिर’ असा होतो ते प्रोटिएजवर काम करते, एवढे लक्षात ठेवले तरी गोळ्यांचे पाकीट वाचता येते.

प्रोटिएजची कथा संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. विषाणू आपली बरीच प्रथिने लक्ष्मी रोडवरच्या दुकानातल्या अखंड ताग्यासारखी एका लांब साखळीत विणून घेतो आणि प्रोटिएज हे विकर ती ठरावीक जागी कापून वेगळी करते. कापणी झाली नाही, तर पेशीतून बाहेर पडणारे कण अपक्व राहतात आणि कुणाला संसर्ग करू शकत नाहीत. प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांचे दोन सारखे भाग एकत्र येऊन हे विकर बनते आणि दोघांच्या मधल्या खोबणीत कापण्याची क्रिया होते. १९८९ साली या विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, आणि त्या खोबणीत नेमका बसेल असा रेणू घडवण्याचे काम वेगाने सुरू झाले. १९९५ च्या डिसेंबरमध्ये सॅक्विनाव्हिर हे पहिले औषध मान्य झाले. रचना कळण्यापासून औषध हाती येईपर्यंत सहा वर्षे, हा वेग त्या काळात विलक्षण होता. ही खोबण कुणालाही स्वतः पाहता येते: प्रोटीन डेटा बँक या खुल्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ‘एचआयव्ही प्रोटिएज इंडिनाव्हिर’ असे इंग्रजीत शोधावे, मिळालेली रचना बोटाने फिरवावी, आणि मध्यभागी बसलेला औषधाचा रेणू शोधावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे जरूर करावे. चित्रापेक्षा त्यातून अधिक समजते.

प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलले तरी औषध निकामी होऊ शकते. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजमध्ये १०३ व्या जागी लायसीनऐवजी अ‍ॅस्पॅराजीन आले, की नेव्हिरापीन आणि एफाव्हिरेंझ चालत नाहीत. प्रतिरोध-तपासणीच्या अहवालात हे ‘के १०३ एन’ असे लिहिलेले असते. पहिले अक्षर मूळ अमिनो आम्लाचे, आकडा जागेचा, शेवटचे अक्षर नव्या अमिनो आम्लाचे: या पद्धतीने अहवालातील प्रत्येक नोंद वाचता येते. एचआयव्ही-२ मध्ये तर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजमधली, ही औषधे जिथे बसतात ती खोबण मुळातच वेगळी असल्याने ही दोन औषधे पहिल्यापासून निरुपयोगी असतात, आणि म्हणून अहवालात प्रकार १ की २ हे पाहणे आवश्यक असते.

संशोधनाची बातमी हाती आली तर

बातमीत लक्ष्य कोणते आहे ते आधी शोधावे. पी २४ च्या कुपीला चिकटणारे लेनाकापाव्हिर हे औषध संसर्ग टाळण्यासाठी वर्षातून दोनदा इंजेक्शनने देतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आफ्रिकेतील चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. ही माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणी होती, म्हणून तिचे वजन मोठे. ‘अमुक रेणूने प्रयोगशाळेत विषाणू नष्ट केला’ या बातमीचे वजन तितके नसते, कारण पेशींच्या बशीत काम करणारे बहुतेक रेणू माणसापर्यंत पोहोचत नाहीत. ‘रुग्ण पूर्ण बरा झाला’ अशी बातमी असेल, तर सीसीआर ५ चा उल्लेख आहे का ते पाहावे. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी ज्या दात्याच्या मूळ पेशी दिल्या, त्याच्यात सीसीआर ५ सदोष असल्याने विषाणूला शिरता येत नव्हते. अशा पेशींचे प्रत्यारोपण जिवावर बेतू शकणारे असते; ते प्रत्येक रुग्णासाठीचा उपाय नव्हे.

लशीच्या बातम्यांत प्रथिनांचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. भारतातील एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यातच सुरू झाली. ती सुरक्षितता पाहण्याचा पहिला टप्पा होती. लस सुरक्षित ठरली, पण तिने जागवलेला प्रतिसाद माफक निघाला. अशा लशींत विषाणूची काही प्रथिने किंवा ती बनवणारी जनुके असतात, पूर्ण विषाणू नसतो, त्यामुळे संसर्ग होऊच शकत नाही. प्रतिपिंडे मात्र तयार होऊ शकतात आणि नेहमीची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील कोविडची एक लस याच कारणाने मागे घ्यावी लागली: तिच्या प्रथिनाला आकारात धरून ठेवण्यासाठी जीपी ४१ चा तुकडा वापरला होता, आणि स्वयंसेवकांच्या एचआयव्ही चाचण्या संसर्ग नसताना रिअ‍ॅक्टिव्ह येऊ लागल्या.

औषधाच्या किंवा लशीच्या एखाद्या चाचणीत सहभागी होण्याचा विचार असेल, तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे का ते आधी पाहावे. जून २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही विनामूल्य पाहता येते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, चाचणीत दिलेल्या प्रथिनामुळे पुढे एचआयव्हीची तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते का, आणि आली तर आरएनएची खात्रीची तपासणी कोण व कुठे करून देणार, हे लेखी मागून घ्यावे. सहभागाचे कार्ड जपून ठेवावे आणि रक्तदान, विमा, परदेशी व्हिसा किंवा बाळंतपण अशा कोणत्याही कारणाने रक्त तपासायची वेळ आली, तर रक्त देण्याआधी ते दाखवावे.